जपानी थाटाचं प्री-वेडिंग, आपल्या खान्देशात

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

लगीनसराईच्या तोंडावर आलेल्या पत्रांत या वेळी एकाच विषयाची गर्दी आहे: किमोनो घालून, छत्री घेऊन, चेरीच्या फुलांखाली काढायचे लग्नाआधीचे फोटो. म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ऑनलाइन मागवलेला सॅटिनचा किमोनो फोटोत गाऊनसारखा दिसतो. घरच्या साडीतून शिंप्याकडून शिवून घेता येईल का? (नवरी मुलगी, अमळनेर)

येईल, आणि मागवलेल्यापेक्षा बरा होईल. 'किमोनो' म्हणून स्वस्तात विकतात ते बहुतेक झोपताना किंवा आंघोळीनंतर घालायचे झगे असतात. कापड लुळं, बाही निमुळती, खांदा अंगाच्या आकाराने कापलेला. खरा किमोनो सरळ पट्ट्यांचा बनतो. जपानी ठाण साधारण 36 ते 38 सेंमी रुंद आणि 12 मीटरच्या आसपास लांब असतं, आणि सगळे भाग त्या रुंदीतच बसवलेले असतात. ब्लाउज उत्तम शिवणारा शिंपी नेमका इथेच घसरतो. हाताला सवय असल्यामुळे तो मुंढा कापतो आणि छातीला टक्स घालतो. कापडाला कात्री लावण्याआधीच बजावून ठेवा: मुंढा नको, टक्स नको, कंबर बसवायची नाही.

साडेपाच मीटर लांब आणि 1.15 मीटर पन्ह्याच्या साडीतून 38 सेंमीच्या तीन उभ्या पट्ट्या निघतात. उंची 160 सेंमी (सव्वापाच फूट) धरली तर हिशोब असा. अंगासाठी दोन पट्ट्या, प्रत्येकी 3.3 मीटर. प्रत्येक पट्टी खांद्यावर दुमडून अर्धी पुढे, अर्धी मागे सोडायची. बायकांचा किमोनो उंचीइतका लांब ठेवतात आणि जास्तीचा भाग कमरेला दुमडतात, म्हणून एवढं कापड. बाह्यांसाठी एक-एक मीटरच्या दोन पट्ट्या, दुमडून 50 सेंमी लोंबणाऱ्या. तिसऱ्या पट्टीतला 1.4 मीटरचा तुकडा उभा चिरून पुढच्या दोन्ही कडांना जोडायचा, म्हणजे एक बाजू दुसरीवर नीट येते. उरलेल्यातून 22 सेंमी रुंद आणि दोन मीटरहून थोडी जास्त लांब गळपट्टी, दुमडून 11 सेंमीची. एकूण 4.3 मीटर. म्हणजे एक साडी पुरून उरते.

तीन गोष्टींकडे लक्ष द्या. बाही अंगाला फक्त वरचे 22-23 सेंमी जोडायची, खाली मोकळी सोडायची आणि काखेखाली 12-13 सेंमी उघडं ठेवायचं. ते शिवून टाकलं तर कमरेचा पट्टा बांधल्यावर हात वर होत नाही. दुसरं, खांद्यावर जोड नसतो, त्यामुळे पुढे सुलट असलेला मोर पाठीवर उलटा लटकतो. मोर, कोयरी, हत्ती टाळा आणि चारही बाजूंनी सारखी दिसणारी बुट्टी घ्या. तिसरं, साडीचे काठ किमोनोत उभे येतात. रुंद जरीचे काठ विचित्र दिसतात, तेव्हा बारीक काठाची किंवा बिनकाठाची साडी काढा. शिफॉन-जॉर्जेट नको. कॉटन-सिल्क किंवा जाडसर क्रेप घ्या, आतून अस्तर लावा.

कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे ओबीला, आमची पसंती खणाला. शिवून 16 सेंमी रुंद आणि 3.6 ते 3.8 मीटर लांब हवा, म्हणजे 34 सेंमीची पट्टी दुमडून आत कडक कॅनव्हास. खणाला जोड द्यावाच लागेल, तो पहिल्या वेढ्यात दडवा. आईची पैठणी मात्र यासाठी कापू नका. पदर घडी घालून पिनांनी लावला तरी फोटोपुरतं भागतं.

वधूला किमोनो नेसवायचं काम आलं आहे. साडी नेसवण्यात हात बसला आहे, पण हे कधी केलं नाही. काय चुकतं? (ब्युटी पार्लरच्या ताई, जळगाव)

पहिली चूक सगळ्यात महाग: कोणती बाजू वर. घालणाऱ्याची उजवी बाजू आधी अंगाशी, तिच्यावर डावी. पुरुषालाही तसंच. उलटं, म्हणजे उजवी वर, फक्त मृताला नेसवतात. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चित्र उलटं दाखवतो, तेव्हा त्यावरून खात्री करू नका. आणि अल्बमवाल्याला आताच सांगून ठेवा: पानाची मांडणी जमावी म्हणून फोटो आडवा उलटवायचा नाही. नीट नेसवलेला किमोनो तिथे एका क्लिकमध्ये मृताचा होतो.

साडीत कंबर दिसली की छान वाटतं, किमोनोत छातीपासून नितंबापर्यंत सरळ रेषा हवी. कमरेच्या खोलगट भागाला एक-दोन पातळ टॉवेल गुंडाळून वरून सुती नाडी बांधा. नाहीतर ओबी मध्येच दुमडतो आणि आडव्या चुण्या पडतात. आतल्या वस्त्राची पांढरी गळपट्टी गळ्याशी साधारण दीड सेंमी डोकावली पाहिजे. मागे मानेपासून कॉलर एक मूठ मावेल इतका ओढून ठेवा. हे फक्त वधूला, वराचा कॉलर मानेला टेकलेलाच. मान उघडी राहते म्हणून मेकअपचा बेस मानेच्या मागेही न्यावा लागतो, हे पार्लरमध्ये हमखास विसरतात.

जास्तीची लांबी ओबीच्या खाली 5 ते 7 सेंमीच्या सरळ घडीत दिसू द्या. खालची कड घोट्यापर्यंत. ओबीची गाठ पाठीमागे. फोटोत दिसावी म्हणून काही जण ती पुढे आणतात, पण पुढे बांधलेला मोठा ओबी जुन्या जपानातल्या गणिकांच्या, ओइरानांच्या, पोशाखाची खूण समजला जातो. वधूला तो नको. गाठ दाखवायची तर वधूला पाठमोरी उभी करून मान वळवायला सांगा, तसा फोटो देखणाही येतो. गाठ जमत नसेल तर ती वेगळी शिवून, तारेच्या हुकाने पट्ट्यात खोचा. जपानमध्येही असे तयार ओबी मिळतात, त्यात कमीपणा नाही.

वराचा पट्टा अरुंद, 9-10 सेंमीचा, आणि पोटाच्या खाली, पुढून उतरता. छातीशी बांधला की वर कुस्तीच्या आखाड्यात आल्यासारखा दिसतो.

दागिन्यांत हात आखडता घ्या. किमोनोबरोबर हार, बांगड्या, नथ घालत नाहीत. केसांत एखादी फुलांची पिन पुरते. जेवायच्या काड्या खोचू नका. चेहरा पांढरा रंगवणं क्योतोच्या गेइको-माइको (गेइशा आणि शिकाऊ गेइशा), रंगभूमी आणि पारंपरिक नववधूपुरतं आहे. रंगीत किमोनोवर ते नाटकी दिसतं आणि सावळ्या रंगावर राखेसारखं उतरतं. सावळ्या मुलीला गडद निळा, मोहरी, विटकरी हे रंग फिक्या गुलाबीपेक्षा कितीतरी उठून दिसतात.

वधूला पाऊण तास, वराला पंधरा मिनिटं धरा. गाठ जागेवर पोहोचल्यावरच लावा. गाडीच्या सीटला टेकून तासभर बसलं की तिची पुरती चपटी होते.

रावेरला आमची केळीची बाग आहे. तिथे जपानी वाटेल का? (नवरदेव, रावेर)

वाटेल. ओकिनावाच्या किजोका भागात केळीच्याच एका जातीच्या धाग्यांपासून बाशोफू नावाचं कापड विणतात आणि त्याचे उन्हाळी किमोनो होतात. तेव्हा केळ आणि किमोनो हा संबंध तुम्ही ओढूनताणून आणलेला नाही.

अडचण आहे चिकाची. केळीचं पान किंवा खोड खरचटलं की निघणारा चीक कापडावर आधी दिसत नाही, वाळला की तपकिरी होतो आणि मग धुऊनही जात नाही. भाड्याचा किमोनो असेल तर ठेव गेलीच समजा. फोटोच्या आदल्या दिवशी पानं कापणं, घड उतरवणं असं काम बागेत नको. दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात उभे राहा, पानांना टेकू नका. ठिबक दोन दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर झोरी, म्हणजे किमोनोवरच्या सपाट चपला, चिखलात रुततात. नळ्या फ्रेममध्ये येतात, त्या बाजूला घ्या किंवा वाळक्या पानांनी झाका. सकाळी आठच्या आत उजेड तिरपा आत येतो. दुपारी पानांतून गळणाऱ्या उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पांढरे डाग पाडतात आणि हिरव्या पानांची झाक गालावर बसते.

चेरी ब्लॉसम धुळ्यात कुठून आणायचा? कृत्रिम झाड भाड्याने घ्यावं का? (धुळे)

झाड घेऊ नका. प्लास्टिकचं पूर्ण झाड दुरून बरं दिसतं, पण जवळून प्रत्येक फूल एकाच साच्यातलं आहे हे कळतं.

जानेवारी ते मार्च या काळात शेताच्या बांधावरचं गिरिपुष्प बघा. हिरवळीच्या खतासाठी लावतात ते, उंदीरमारी म्हणूनही ओळखतात. पानं झडलेल्या फांद्या फिक्या गुलाबी-जांभळट फुलांनी भरतात. चेरीच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही आपल्याकडे सहज सापडत नाही. गुलाबी टॅबेबुया फेब्रुवारी-मार्चमध्ये, गुलाबी बहावा एप्रिलपासून. काटेसावर आणि पळस सुंदर आहेत, पण लाल-केशरी. त्यांना चेरी म्हणून खपवू नका.

झाडच नसेल तर कापडी फुलांच्या आठ-दहा डहाळ्या घ्या आणि कडुनिंबाच्या वाळक्या फांदीला तपकिरी टेपने बांधा. ती फांदी जोडप्याच्या मागे न धरता कॅमेऱ्यापुढे धरा, लेन्सपासून अर्ध्या मीटरवर. 85 मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 2. फुलं विरघळून नुसते गुलाबी ढग उरतात आणि साचा कुणाला दिसत नाही. पाकळ्या उडवायच्या तर टिश्यू पेपरच्या, बोटाच्या नखाएवढ्या कापून. माणूस शिडीवर, जोडप्याच्या किंचित मागे. देशी गुलाबाच्या पाकळ्या जड असतात, तरंगत नाहीत, दगडासारख्या खाली येतात.

तोरी गेट, म्हणजे जपानी देवस्थानापुढची कमान, बनवायची ऑर्डर आहे. मापं सांगाल का? (मंडप डेकोरेटर, शिरपूर)

दोन माणसांसाठी आतली मोकळी जागा 8 फूट ठेवा. खांबांना 160 मिमीचे (सहा इंची) पीव्हीसी पाइप, 10 फुटी दोन नग. खालची आडवी तुळई जमिनीपासून 8 फुटांवर, लांबी 11 फूट, म्हणजे दोन्ही खांबांच्या बाहेर एक-एक फूट डोकावेल. सगळ्यात वरची तुळई 13 फूट, प्लायवूडचा पोकळ खोका करून, दोन्ही टोकं हलकी वर उचललेली. खांब अगदी ओळंब्यात उभे करू नका. वरच्या बाजूला दोन-तीन इंच आत झुकू द्या. हे झुकणं नसेल तर तोरी न वाटता फुटबॉलचा गोलपोस्ट वाटतो.

रंग मारुतीच्या शेंदरासारखा, मरून नाही. वरच्या तुळईचा माथा आणि खांबांचे तळ काळे. पाइप 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून प्रायमर मारल्याशिवाय रंग धरत नाही, दोर लागला की पापुद्रे निघतात. ऑइल पेंटची चकाकी उन्हात पांढरे पट्टे पाडते, म्हणून मॅट रंग घ्या.

वारा हा खरा शत्रू. वरचा खोका शिडासारखं काम करतो. प्रत्येक खांबाखाली 2 बाय 2 फुटांची लोखंडी प्लेट, तिच्यावर पाइप बसेल असा उभा तुकडा वेल्ड केलेला, आणि प्लेटवर किमान 50 किलो वाळूच्या गोण्या. धरणाच्या किंवा तलावाच्या काठी मागून तारेचे ताणही द्या. ते अल्बमवाला पुसून टाकेल. फोटोग्राफरला 85 मिमीने पूर्ण तोरी घ्यायला पंचेचाळीस-पन्नास फूट मागे जावं लागतं, तेवढी मोकळी जागा आधी मोजा.

तोरी हा शिंतो या जपानी धर्माच्या देवस्थानाचा उंबरठा आहे. तिच्यावर 'सेव्ह द डेट'ची पाटी, फुगे, नवरदेवाला लटकवणं हे प्रकार नकोत. आपल्या एखाद्या मंदिरापुढेही उभारू नका, दोन्हीकडचा मान जातो.

लाल कागदी छत्रीखाली चेहरे लालभडक येतात, व्हाइट बॅलन्सने सुटत नाही. (फोटोग्राफर, भुसावळ)

सुटणार नाही. छत्रीतून गाळून आलेला उजेड लाल आणि मागचं आभाळ निळं, दोन्हींना एकच दुरुस्ती कशी चालेल? क्रीम किंवा पांढरी छत्री घ्या. लालच हवी असेल तर डोक्यावर न धरता खांद्यामागे टेकवा, म्हणजे ती पार्श्वभूमी होते आणि चेहऱ्यावर उघडा उजेड राहतो. संध्याकाळी छत्रीच्या मागे लपवलेला छोटा फ्लॅश उडवला तर बांबूच्या काड्या उजळून निघतात. तिथे लाल रंग शोभतो.

पांढरा किमोनो फ्रेमभर असेल तर कॅमेरा तो करडा करून ठेवतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. गडद निळ्याला उलट, तेवढंच कमी. आणि एफ 1.8चा मोह आवरा: 85 मिमीने अडीच मीटरवरून फोकसची खोली जेमतेम 9 सेंमी मिळते, एक डोकं किंचित मागे असलं की ते मऊ होतं. एफ 4ला ती सुमारे 20 सेंमी होते.

कंदील घेताना लाल कापडाचे सोनेरी गोंड्यांचे घेऊ नका, ते चिनी. जपानी कंदील कागदी, आडव्या कड्यांचा, दुमडणारा. कोरेच घ्या. न कळणारी अक्षरं छापलेला कंदील दुकानाचा असू शकतो, तसा श्राद्धाचाही असू शकतो.

मुलगी पांढऱ्या किमोनोचा हट्ट धरून बसली आहे. घरच्या मोठ्यांना पांढरं चालत नाही. (वधूचे वडील, पारोळा)

काका, पांढरा पूर्ण पोशाख, शिरोमुकू, तिकडे शुभच आहे. शिंतो पद्धतीच्या लग्नात वधू तोच घालते, डोक्यावर मोठी पांढरी टोपी असते. पण तो प्रत्यक्ष विधीचा पोशाख आहे. आपल्याकडचं लग्न व्हायच्या आधी नुसत्या फोटोसाठी तो घालणं आम्हालाही पटत नाही. त्याऐवजी इरो-उचिकाके सुचवा: लाल किंवा केशरी, त्यावर करकोचे आणि पाइन, जमिनीवर लोळणारा झगा. तोही तिथल्या वधूचाच, आणि आजीसमोर ठेवायला अवघड नाही. खालची कड कापूस भरलेली, जाड असते आणि झग्यावरून ओबी बांधत नाहीत. चालताना कड उचलून धरायला एक मैत्रीण लागते.

बाकी प्री-वेडिंगविरुद्ध समाजाच्या सभांत होणारे ठराव तुम्ही ऐकलेच असतील. तक्रार असते ती हॉलच्या पडद्यावर मोठ्यांसमोर चालणाऱ्या लाडीगोडीबद्दल. किमोनो गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकतो, तुमचं अर्धं काम त्यानेच केलं आहे.

तोरणमाळ, पाटणादेवी, पाल यांपैकी कुठे जावं? परवानगी लागते का? ड्रोन चालेल का? (नंदुरबार)

तोरणमाळ. यशवंत तलावाचा काठ आणि पावसाळ्यानंतरचं धुकं जपानी डोंगरगावाच्या सगळ्यात जवळ जातं. घाटात गाडी लागणाऱ्यांनी किमोनो वर पोहोचूनच नेसावा. पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात, पाल यावल अभयारण्यात येतं. शिरपूरजवळचं अनेर धरणही अभयारण्य आहे. वनखात्याची लेखी परवानगी आधी काढा. धुराच्या नळकांड्या तिथे अजिबात नकोत. जानेवारीनंतर गवत वाळलेलं असतं, लळिंग कुरणातही हाच धोका. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉड, लाइट लावायलाही परवानगी लागते.

ड्रोन जळगाव विमानतळाच्या आणि भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणींच्या आसपास परवानगीशिवाय उडवायचा नाही. आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. रुळांवरचे फोटो तर विसराच: रेल्वे कायदा 1989च्या कलम 147 प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

थेट जपानलाच जाऊन काढले तर? (चाळीसगाव)

पैसे असतील तर जा, पण इथला फोटोग्राफर पर्यटक व्हिसावर कामाला नेऊ नका, तिथलाच ठरवा. तोक्यो-क्योतोत चेरी साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलते आणि बहर आठवडाभराचा. तिकीट काढलं आणि फुलं आठ दिवस आधीच झडली, असं होऊ शकतं. क्योतोच्या लाल मेपलचा नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा त्यामानाने सोयीचा. 100 ग्रॅम किंवा जास्त वजनाच्या ड्रोनला तिथे नोंदणी लागते.

लग्न मेमध्ये, फोटो एप्रिलअखेरच काढता येतील. उन्हाचं काय करावं? (चोपडा)

अस्तराचा किमोनो, टॉवेल, ओबी हे सगळं 42-43 अंशांत चढवलं तर वधूला भोवळ येईल. युकाता घाला: एकेरी सुती, आतलं वस्त्र नाही, मोजे नाहीत, अनवाणी पायात लाकडी गेता, म्हणजे जपानी खडावा. टाच गेताच्या मागे सेंटिमीटरभर बाहेर राहिली तर ती बरोबर आहे, मोठं माप मागू नका. पहाटे साडेपाचला तयार होऊन आठला आवरा.

बाकीचे फोटो घरात. जुन्या माळवदाच्या घरातली लाकडी जमीन आणि जाड भिंती असतील तर निम्मं जपान आयतंच आहे. सुताराकडून 3 बाय 6 फुटांच्या दोन चौकटी करून घ्या, एक इंची पट्ट्यांच्या उभ्या-आडव्या चौकोनांच्या, आणि मागच्या बाजूने बटर पेपर खळीने चिकटवा. शोजी, म्हणजे जपानी घरातला कागदी पडदा, तयार. लाइट चौकटीच्या पाच-सहा फूट मागे ठेवा. जवळ आणला की मधोमध एकच पांढरा गोळा दिसतो. खाली त्याच मापाची, 3 बाय 6ची, साधी गवती चटई, रंगीत फुलांची नको. चटईवर चप्पल घालून उभं राहायचं नाही, जोडे कडेला काढून ठेवलेले फ्रेममध्ये आले तर उत्तमच. समोर भाताची वाटी मांडणार असाल तर काड्या भातात उभ्या रोवू नका, ते मृताच्या नैवेद्याचं रूप आहे. वाटीसमोर आडव्या ठेवा.

कूलर शोजीपासून लांब ठेवा, आणि फोटो चालू असताना बंद. त्याची दमट हवा लागली की बटर पेपर फुगून सैल पडतो, मग तो पुन्हा ताणून चिकटवण्यात सकाळ जाते.